छोट्या कपाटाचं बटण

नाही नाही, तिथं नका बसू, ते ओलं आहे — तसं इथलं सगळंच ओलं असतं म्हणा, पण ते जरा जास्तच — हे घ्या, हे स्टूल घ्या. सही मॅडमच करणार, दुसऱ्या कुणाची चालत नाही, आणि मॅडम आहेत मीटिंगला, आणि मीटिंग म्हणजे कसं, आत जाताना ‘पाच मिनिटं’ म्हणून जातात आणि बाहेर येतात तेव्हा माझ्या माशांची दुसरी खायची वेळ झालेली असते. तुमचं बघून झालं ना? तिन्ही सिलिंडर ठीक? बरं झालं. मला तर त्यांचं हसूच येतं बघा — खोलीत पाण्याच्या चारशे टाक्या, डोक्यावर पाण्याचे पाइप, पायाखाली पाणी, आणि दारामागं आग विझवायचे तीन तीन सिलिंडर! म्हटलं आग लागलीच तर ती बिचारी पोहायला शिकूनच आत येईल. पण नियम तो नियम. तुम्ही दर वर्षी येता? नाही, तुम्हाला नाही पाहिलं, मागच्या वेळी एक जाडे गृहस्थ होते, ते माशांना घाबरायचे. करंगळीएवढा मासा, आणि त्याला घाबरायचं!

खायचे? अहो नाही हो — सगळेच विचारतात, पहिला प्रश्न हाच — खायचे नाहीत, अभ्यासाचे आहेत. झेब्रा मासे म्हणतात यांना, अंगावर पट्टे आहेत ना म्हणून. एकोणीस वर्षं झाली मला यांच्यात. आले तेव्हा नुसती टाक्या घासायला आले होते, आता अंडी लावते, पिल्लं मोजते, कुठली जात कुठल्या टाकीत ते माझ्या डोक्यात असतं — कॉम्प्युटरमध्येही आहे, पण कॉम्प्युटर बंद पडला की सगळे माझ्याकडे धावतात. आणि यांचं एक बरं असतं, सकाळी दिवा लागला की अंडी घालतात. घड्याळ लावून घ्या. माणसांना इतकी शिस्त असती तर — जाऊ दे.

तुम्ही असं करा, इकडे या. बसून तरी काय करणार? या दुर्बिणीत बघा. एक डोळा मिटू नका, दोन्ही उघडे ठेवा — हां — आता हे चाक हळूच फिरवा. दिसलं? ते दोन दिवसांचं पिल्लू. आरपार दिसतं ना, काचेसारखं? ते धडधडतंय ते हृदय. आणि वर डोक्यात हिरव्या चमकणाऱ्या रेषा दिसतात, झाडाच्या फांद्यांसारख्या — त्या रक्तवाहिन्या. मेंदूतल्या. मुद्दाम चमकवलेल्या आहेत, नाहीतर दिसणार कशा. आणि त्या हिरव्याला बिलगून लाल लाल ठिपके आहेत बघा, मधूनमधून — त्यांना मी मिठीवाल्या म्हणते. खरं नाव लांबलचक आहे, मॅडम म्हणतात तेव्हा छान वाटतं, माझ्या तोंडी बसत नाही. तर रक्तवाहिनी म्हणजे तुमच्या मते काय? नळी. मलाही तेच वाटायचं, नळासारखी नळी. पण तसं नसतं हो. ती जिवंत असते. आतून पेशींचं अस्तर असतं, एकमेकींना घट्ट धरून बसलेल्या पेशी. त्या अस्तरातून निरोप जातो बाहेर — या गं इकडे. तो निरोप ज्यांना पोहोचतो त्या मिठीवाल्या सरपटत सरपटत येतात आणि नळीला बाहेरून कवेत घेतात. आणि मग त्या आत उलट निरोप धाडतात — झालं आता, फार पसरू नका, जागेवर राहा, एकमेकींना सोडू नका. असं सारखं चालू असतं. एकदा निरोप गेला आणि संपलं, असं नाही — जन्मभर. तुम्ही आत्ता उभे आहात ना, तुमच्या डोक्यातही चाललंय. दोन्हींतला एक जरी निरोप अडला तरी भिंत कच्ची राहते. फुगते. ओल्या कागदाच्या पिशवीसारखी. आणि मग एक दिवस —

हां, तेच. ते डोळ्यांच्या मागं लाल पसरलंय, ते रक्त. नाही हो, तुमच्यामुळे नाही झालं! चाक फिरवल्यानं काही होत नाही, घाबरू नका. ही जातच तशी आहे, हिच्यात निरोपाचाच बिघाड आहे, म्हणून तर ठेवलीय. शंभर अंडी लावली की दुसऱ्या दिवशी साठेक पिल्लांच्या डोक्यात असं लाल उमटतं. छत्तीस तासांपासून अठ्ठेचाळीस तासांपर्यंत, ती वेळ. ते मोजायचं आणि वहीत लिहायचं. माझंच काम ते. होतं. म्हणजे आहे — आता पुन्हा आहे, मध्ये काही दिवस नव्हतं.

ते का नव्हतं, तीही एक गंमतच आहे. म्हणजे गंमत नाही. पण आता सांगायला लागलं की गंमत वाटते. आमच्या इथं एक मुलगी होती, अभ्यासाला, डॉक्टरकी करत होती — ती इंजेक्शनवाली नव्हे, ती दुसरी, पुस्तकाची. तिला मी मुंगी म्हणायची. खाली मान घालून भराभरा चालायची, हातात सतत काहीतरी, स्वतःपेक्षा मोठं. मला मावशी म्हणायची. सत्तावीस वर्षांची, पण जेवलीस का म्हणून विचारावं लागायचं. तिचं म्हणणं असं, की या जातीत मिठीवाल्या पुरेशा येत नाहीत, तर त्या आल्यावर जो निरोप देतात ना — सोडू नका, धरून राहा — तो आपणच बाहेरून दिला तर? पाण्यात औषध घालून? निरोप कुणी दिला याच्याशी अस्तराला काय करायचंय, निरोप मिळाल्याशी काम. पटतं की नाही? मला पटलं होतं. मॅडम म्हणाल्या, बघ करून. दोन वर्षं करत होती बिचारी. कधी औषध जास्त, कधी कमी, कधी पिल्लंच मरायची.

आणि त्याच सुमारास आमच्या ह्यांचं झालं. हे म्हणजे आमचे यजमान, दुकानांच्या पाट्या रंगवतात. आता सगळं छापून मिळतं, पण काही जणांना हातानं काढलेलंच लागतं, आणि ह्यांचा हात असा, की पट्टी लावून बघा, अक्षर केसाएवढंही हलायचं नाही. तर गुरुवारी दुपारी मला घड्याळवाल्याचा फोन — कोपऱ्यावरचा घड्याळ दुरुस्तीवाला, त्याची पाटी करायला घेतली होती ह्यांनी — म्हणतो, वहिनी, जरा येऊन जाता का, साहेबांचं आणि माझं जमेना. म्हटलं भांडण झालं असेल. गेले. बघते तर काय, एवढी लांब पाटी, अर्धी कोरी! डावा अर्धा भाग पूर्ण मोकळा, आणि ‘घड्याळ दुरुस्ती’ सगळं उजव्या बाजूला कोंबलेलं, शेवटची अक्षरं तर जागा उरली नाही म्हणून एकावर एक चढलेली, जिन्यात गर्दी झाल्यासारखी. आणि हे शिडीवर उभे, कंबरेवर हात. म्हटलं, अहो, हे काय केलंत? तर म्हणतात, ‘काय केलं? बरोबर मध्यावर आहे की.’ म्हटलं, ही डावीकडची जागा? ‘कुठली जागा?’ म्हटलं, ही, ही, हात ठेवून दाखवली. तर माझ्या हाताकडे बघेनात. घड्याळवाला हसायला लागला, मलाही हसू फुटलं — खरं सांगते, हसले मी, पोटभर हसले — आणि हे चिडून शिडीवरून खाली उतरले आणि माझ्यासमोर तोंड आणून म्हणाले, ‘तुम्हा दोघांना डोळे आहेत का?’

तेव्हा दिसलं. दाढी अर्धीच केली होती. उजवा गाल गुळगुळीत, डावा गाल तसाच खुंटांचा. सकाळी मी लवकर निघते, मी त्यांना पाहिलंच नव्हतं.

मग काय, घड्याळवाल्यानंच गाडी काढली. हॉस्पिटलमध्ये फोटो काढला डोक्याचा, तो मशीनमध्ये आडवं घालून काढतात तो, आणि डॉक्टरीणबाईंनी मला पडद्यावर दाखवला. उजव्या बाजूला तुतीएवढी गाठ, तुतीसारखीच, बोंडाबोंडांची. आणि भोवती रक्त. त्या अगदी शांतपणे समजावत होत्या — घाबरू नका, ही गाठ म्हणजे काही भलतंसलतं नाही, रक्तवाहिन्यांचाच गुंता आहे, भिंती पातळ आहेत, थोडं पाझरलंय, आणि मेंदूची उजवी बाजू डावीकडचं सांभाळते म्हणून त्यांना डावीकडचं उमगत नाही. आणि मी म्हटलं, आतल्या अस्तराच्या पेशी एकमेकींना सोडतात ना, त्यामुळे? त्या थांबल्या. माझ्याकडे बघितलं — माझ्या पायात हेच रबरी बूट, तशीच गेले होते ना — आणि म्हणाल्या, ‘तुम्ही काय करता?’ म्हटलं, मासे पाळते. हसू नका! खरंच असंच म्हटलं. मग मीच विचारलं, पुन्हा पाझरेल का? त्या म्हणाल्या, पाझरू शकेल, नाहीही पाझरणार, पहिले काही आठवडे जपायचं, रक्तदाब वाढू द्यायचा नाही, सहा आठवड्यांनी पुन्हा फोटो काढू, तोवर वाट बघायची. म्हटलं, औषध? म्हणाल्या, त्या भिंतींसाठी आज तरी आमच्याकडे औषध नाही.

मी हसतमुखानं हो म्हटलं आणि बाहेर येऊन व्हरांड्यात बसले. औषध नाही ते मला का माहीत नसणार? मुंगी दोन वर्षं दुसरं काय शोधत होती!

तर शुक्रवार, शनिवार सुट्टी घेतली, आणि रविवारी माझी पाळी होती, माशांना रविवार नसतो, म्हणून आले. ह्यांच्याजवळ नणंद बसली होती. इथं मुंगीनं सकाळीच अंडी लावलेली, कागद चिकटवून गेलेली — मावशी, औषधाची अंडी छोट्या कपाटात, बिनऔषधाची मोठ्यात, मोठ्यात जागा नाही. ती दोन कपाटं बघा, भिंतीशी. उबेची. साडेअठ्ठावीस अंश लागतात पिल्लांना, ना कमी ना जास्त. मोठं नवं आहे, पासवर्ड मागतं. छोटं जुनं, त्याला ते बटण आहे, गोल. तर त्या बटणाला — पुसताना माझा धक्का लागला. ऊब उतरली. चोवीसवर गेली. आणि थंडीत पिल्लांचं सगळंच हळू होतं — हृदय हळू धडधडतं, रक्त दमानं वाहतं, भिंतीवर जोर येत नाही. मंगळवारी सकाळी ते बटण मी परत जागेवर — म्हणजे माझ्या लक्षात आलं, मग फिरवलं.

दुपारी मुंगीनं मोजलं. बिनऔषधाच्या शंभरात साठ लाल. औषधाच्या शंभरात — सात! सात हो! पोरगी दुर्बिणीवरून उठली, पुन्हा बसली, पुन्हा मोजलं, सातच. या ओल्या फरशीवर नाचली. मला मिठी मारली, म्हणाली, मावशी, धरून राहिल्या, धरून राहिल्या! पिल्लं वाढीत जराशी मागं आहेत हे तिलाही दिसलं होतं, पण तिला वाटलं औषधामुळे असेल. मॅडमनी केक मागवला. मॅडमनी! एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. मुंगीनं वडिलांना फोन लावला, तिथंच, त्या सिंकजवळ, आणि म्हणत होती, बाबा, जमलं.

आणि मी केक खाल्ला.

त्या रविवारपासून अकरा दिवस गप्प बसले मी. तुम्ही म्हणाल, त्याच दिवशी का नाही सांगितलं? काय सांगू! ह्यांचं तसं, घरी आणलेलं, ताटातलं उजवीकडचं खायचे आणि डावीकडचं तसंच, मग मी ताट फिरवून द्यायची की पुन्हा खायचे — ‘आता वाढलंस होय?’ म्हणायचे. नोकरी जाईल अशी भीती. आणि तिचा तो चेहरा. रोज वाटायचं उद्या सांगू. मग कळलं, शुक्रवारी ती हे सगळं मोठ्या संमेलनाला लिहून पाठवणार, तिचं नाव घालून. म्हटलं, ही जगभर सांगेल आणि मग कुणीतरी करून बघेल आणि होणार नाही, आणि पोरीला खोटारडी म्हणतील. गुरुवारी दुपारी सांगितलं. ती बशा धूत होती. म्हटलं, मुंगे, त्या रविवारी छोट्या कपाटाच्या बटणाला माझा धक्का लागला होता गं, चोवीसवर होतं, मंगळवारी सकाळी कळलं मला.

तिनं पाणी बंद केलं. हात पुसले. मग छोट्या कपाटाशी गेली, बटण धरलं, फिरवलं, म्हणाली, ‘किती? इथपर्यंत?’ म्हटलं, थोडं अजून. ‘इथं?’ म्हटलं, हो. तिथं बोट तसंच ठेवून उभी राहिली, बराच वेळ. माझ्याकडे बघितलं. मग वही काढून तापमान लिहिलं, तास लिहिले, आणि बाथरूममध्ये गेली. पाऊण तासानं आली तेव्हा डोळे सुजलेले. मॅडमना तिनंच सांगितलं — काय सांगितलं कोण जाणे, मॅडम मला अवाक्षर बोलल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, पुन्हा करा, सगळं एका कपाटात.

पुन्हा केलं तिनं. तीन महिने. एकाच कपाटात, एकाच फळीवर. बिनऔषधाची अठ्ठावन्न, औषधाची त्रेचाळीस. सात नाही, पण त्रेचाळीस. मॅडम म्हणाल्या, लहान आहे, पण खरं आहे. तेच छापून आलं. केक नाही आणला कुणी. त्यावरच तिला पुढची नोकरी लागली, लांब, विमानानं जावं लागतं तिथं.

पण माझ्याशी मात्र — चार दिवस बोलली नाही, ते मी समजू शकते. पाचव्या दिवशी आली, ‘काका कसे आहेत?’ विचारलं, आणि लगेच म्हणाली, ‘मावशी, आजपासून लाल मी मोजते. रविवारीसुद्धा मीच येईन. तुम्ही नुसती अंडी लावा.’ झालं! मला जे लागलं ना ते भाऊ — बारा वर्षं मोजत होते मी तेव्हा, एक आकडा चुकला नव्हता, आणि काढून घेतलं काम हातातून. म्हटलं बरोबरच आहे, भरवसा उडाला. पण मनात राहिलं. मग मीही कामापुरती बोलायला लागले. जेवलीस का विचारणं बंद. वर्षभर असंच. जायच्या दिवशी निरोप घ्यायला आली, तर मी शिडीवर चढून वरच्या टाक्या घासत बसले, वरूनच म्हटलं, नीट जा. खाली उतरले नाही. पाच मिनिटं उभी होती बिचारी खाली. मग गेली. आता तीन वर्षं झाली. माझी मोजणी मला परत मिळाली तिच्या जागी दुसरा आला तेव्हा.

आता तुम्ही काय करताय तिथं? ते बटण? फिरवून बघताय होय! बघा, बघा, आता ते कपाट बंदच असतं, काही होणार नाही. काय? फिरत नाही? फिरतं, जरा जोर — नाही, कोपरानं नाही, असं —

हं.

हो. आत दाबावं लागतं. आधी आत दाबायचं आणि मग फिरवायचं, गॅसच्या शेगडीला असतं तसं. तुमचं आयुष्य वाल्व्ह आणि खिट्ट्या तपासण्यात गेलेलं, तुमच्या बरं लक्षात आलं लगेच. आता असं बघू नका माझ्याकडे. धक्क्यानं नाही फिरत ते. फडक्यानंही नाही फिरत.

मी फिरवलं. झालं समाधान? फिरवलं मी. हे तिथं पडलेले, दर तासाला नर्स येऊन विचारणार, डावा हात उचला, आणि हे म्हणणार, उचलला की, आणि हात तसाच चादरीवर. आणि मी इथं येते तर समोर शंभर अंडी, त्या बशीत, काचेच्या मण्यांसारखी, आणि मला माहीत — मलाच माहीत, बारा वर्षांचं माहीत — की उद्या रात्रीपासून परवा सकाळपर्यंत यातल्या साठांच्या डोक्यात लाल उमटणार आणि मला ते एक एक करून मोजायचंय. औषधबिवध माझ्या डोक्यातही नव्हतं. मला एवढंच माहीत होतं, की एकदा वीज गेली होती तेव्हा थंडीत एकही फुटलं नव्हतं. म्हटलं, एक दिवस. एकच दिवस हळू धडधडा रे. मला नका दाखवू. एवढं होऊ दे, ह्यांचं जरा ठरू दे, मग फुटा. मोठ्याला पासवर्ड होता म्हणून छोट्याला केलं, नाहीतर दोन्हींना केलं असतं, आणि मग काही झालंच नसतं, नाही का? आणि तो तक्ता बघा दारावर, तापमानाचा, सकाळ-संध्याकाळ, तोही मीच लिहिते. रविवार संध्याकाळ, सोमवार सकाळ, सोमवार संध्याकाळ — साडेअठ्ठावीस, साडेअठ्ठावीस, साडेअठ्ठावीस. माझ्या अक्षरात. अहो, हे तुमच्या त्या फॉर्मवर नका लिहू काही. ह्यांनाही नाही सांगितलेलं मी, घरी. हे आता ठणठणीत आहेत म्हणा, सहा आठवड्यांनी फोटो काढला तर रक्त शोषलं गेलेलं, गाठ आहे तशी आहे, दर वर्षी बघतात. पाटीच्या डाव्या कडेला मी लाल पट्टी चिकटवून देते, तिथून सुरुवात करायची असं शिकवलंय त्यांना. घड्याळवाल्याची पाटी पुन्हा केली, आता कशी झोकात आहे. कुणाला म्हणजे कुणालाच नाही सांगितलं. मुंगीलासुद्धा नाही, तिला धक्का लागला असंच —

थांबा.

नाही, तुम्ही नाही, मी. थांबा हं. ती गेली ना त्या दिवशी कपाटाशी. तिनं फिरवलं. ‘किती? इथपर्यंत?’ म्हणाली. म्हणजे तिनं आत दाबलं असणार. दाबल्याशिवाय फिरणार कसं! दाबलंच तिनं, माझ्यासमोर, या इथं — आणि मग बोट ठेवून उभी राहिली. आणि माझ्याकडे बघितलं. अगं बाई. तिला कळलं होतं. तिला तेव्हाच कळलं होतं. मॅडमना तिनं धक्का म्हणूनच सांगितलं असणार, नाहीतर मी इथं असते का? दोन वर्षांची मेहनत पोरीची, आणि ती — आणि पाचव्या दिवशी येऊन ‘काका कसे आहेत’ आणि मग ‘लाल मी मोजते’. रविवारीसुद्धा. एकही रविवार चुकवला नाही तिनं वर्षभर. आणि मला वाटलं भरवसा — मी शिडीवरून उतरलेसुद्धा नाही हो. पाच मिनिटं उभी होती खाली.

ह्या काय मॅडम, आल्या बघा. जा, घ्या सही घ्या, त्या एकदा खोलीत शिरल्या की दार लावतात. नाही, मला काही झालेलं नाही. जा ना तुम्ही.